लंडनमध्ये पारंपरिक ब्रिटिश बेकरीचे पदार्थ: काय, कुठे आणि किती वाजता खावं

प्रश्न असा आहे: लंडनमध्ये चार-पाच दिवस मुक्काम आहे, स्कोन (चहाबरोबरचा छोटा, गोल, फुगीर पाव), बन, टार्ट असे तिथले जुने बेक केलेले पदार्थ खायचे आहेत, बरोबर एक जण शाकाहारी आहे आणि एक जण अंडंही खात नाही, तर एखादी चांगली बेकरी सुचवा.

एकच बेकरी सुचवून हे काम होणार नाही. 'लंडनमधल्या सर्वोत्तम बेकऱ्या' अशा याद्यांमधली निम्मी दुकानं क्रोसाँ, वेलदोड्याचे स्वीडिश बन आणि सावरडो पाव यांच्यासाठी नावाजलेली आहेत. माल उत्तम असतो, पण ब्रिटिश नसतो. दुसरं असं की, ज्यांना आपण ब्रिटिश पदार्थ म्हणतो ते बहुतेक सगळे लंडनबाहेरचे. एकल्स केक मँचेस्टरजवळच्या एकल्सचा, बेकवेल पुडिंग डर्बीशरचं, करंजीसारखी सारण भरलेली खारी पेस्टी कॉर्नवॉलची, शॉर्टब्रेड हे लोण्याचं बिस्कीट स्कॉटलंडचं. लंडनच्या स्वतःच्या खात्यात चेल्सी बन, मेड्स ऑफ ऑनर टार्ट आणि टॉटनहॅम केक एवढीच नावं ठळक. तेव्हा दुकानापासून सुरुवात करू नका, पदार्थापासून करा. ओव्हनमधून बाहेर आल्यावर तो किती वेळ चांगला राहतो, यावर तो कुठे आणि किती वाजता खायचा हे ठरतं. स्कोनला चार-पाच तास असतात, बनला एक दिवस, एकल्स केकला बरेच दिवस, शॉर्टब्रेडला महिने. ज्याचं आयुष्य कमी, त्याच्यासाठी पायपीट करा. बाकीचं वाटेत कुठेही मिळेल.

सगळ्यात जास्त निराशा स्कोन करतो, म्हणून त्याच्यापासून सुरू करू. घटक साधे असतात: 225 ग्रॅम बेकिंग पावडर मिसळलेला मैदा, 50-55 ग्रॅम लोणी, थोडी साखर, साधारण 150 मिली दूध, 220 अंशांवर 12 ते 15 मिनिटं. यात चरबी कमी आणि मैदा जास्त, त्यामुळे गार झाला की लगेच कोरडा पडायला लागतो. सकाळी भाजलेला स्कोन दुपारी चारला घशात अडकतो, त्यात बेकरचा दोष नसतो, घड्याळाचा असतो. त्यामुळे 'चहा म्हणजे चार वाजता' हा नेम कॅफेत पाळू नका. साडेदहा-अकराला जा आणि काउंटरवर सरळ विचारा की स्कोन आज इथेच भाजलेत का. चांगला स्कोन बाजूने बघितला की कमरेशी आडवी भेग दिसते आणि हाताने पिळल्यावर त्याच भेगेतून त्याचे दोन भाग होतात, सुरी लागत नाही. एका बाजूला कललेला असेल तर कापताना साचा गोल फिरवून काढलाय असं समजा. तसं फिरवल्याने कडा चिकटते आणि ती बाजू फुगत नाही. चवीला तो वाईट असेलच असं नाही. वर पिवळट-तपकिरी ठिपके आणि जिभेवर साबणासारखी चव असेल, तर मात्र सोडा नीट मिसळलेला नाही, तो स्कोन सोडून द्या. चकचकीत वेष्टणातला कॉफी-चेनचा स्कोन तर घेऊच नका.

जागा म्हणाल तर साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला कॅफे ही पहिली पसंती. मूळ संग्रहाला प्रवेश मोफत आहे, संग्रहालय दहाला उघडतं, आणि कॅफेच्या जुन्या खोल्या 1860च्या दशकातल्या आहेत. संग्रहालयातलं जगातलं पहिलं उपाहारगृह म्हणून ते ओळखलं जातं. निळ्या टाइल्सच्या पॉइंटर रूममध्ये टेबल मिळवायचं असेल तर अकराच्या आत पोहोचा. बारानंतर रांग लागते आणि मग हातात ट्रे घेऊन फिरावं लागतं. दुसरा पर्याय जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या वाड्यांमधल्या कॅफेंचा. या संस्थेची स्कोनबद्दल ख्याती आहे, लंडनच्या हद्दीत रिचमंडजवळचं हॅम हाउस आणि पश्चिमेचं ऑस्टर्ली ही तिची ठिकाणं. तिथे स्कोन मोठा असतो, जड असतो, एकात दोघांचं भागतं.

बरोबर येणारं क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद उष्णतेवर तापवून गोळा केलेली घट्ट साय, तिच्यात किमान 55 टक्के स्निग्धांश असतो. फेटलेलं क्रीम आलं तर तो क्रीम टी (स्कोन, जॅम, ही साय आणि चहा) नव्हे, परत पाठवायला हरकत नाही. आधी जॅम की आधी साय, हा कॉर्नवॉल आणि डेव्हनचा जुना तंटा: कॉर्नवॉलवाले जॅम खाली लावतात, डेव्हनवाले साय. स्कोन गरम असेल तर जॅम खाली लावलेलं सोयीचं, साय वितळून ओघळत नाही. एवढाच त्या वादात व्यवहार.

आता मोठ्या हॉटेलांचा आफ्टरनून टी. तीन मजली स्टँड, माणशी 70 पौंडांच्या पुढे, वर साडेबारा-पंधरा टक्के सेवाशुल्क, आणि आरक्षण काही आठवडे आधी. वास्तूसाठी, सेवेसाठी, वाढदिवसासाठी जरूर जा. बेकरीचे पदार्थ चाखायला म्हणून मात्र तो महाग सौदा आहे. खालच्या थाळीत सँडविच, मधल्या थाळीत स्कोन, वरच्या थाळीतली पेस्ट्री बहुतेक फ्रेंच वळणाची, त्यामुळे ब्रिटिश बेकरीपैकी तुम्हाला मिळतो तो फक्त स्कोन. हॉटेलांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की ते बसण्याच्या वेळेनुसार स्कोन भाजतात, म्हणून चारलाही तो गरम येतो. पिकॅडिलीवरचं फोर्टनम अँड मेसन 1707 सालचं दुकान. तिथे वरच्या टी सलोनमध्ये न बसता तळमजल्यावर बिस्किटं आणि केक घेतले तर खिशाला बरंच हलकं पडतं.

एकल्स केकवर माझ्या मते लंडनमध्ये सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. दिसायला काही नाही: तळहाताएवढी चपटी गोल चकती, वर साखर, तीन चिरा. त्या चिरांमधून काळा, चिकट रस बाहेर येऊन कडेला जळालेला दिसला पाहिजे. तसा दिसला की आत सारण भरपूर आहे. वरचं आवरण खारीसारखं पापुद्र्यांचं, आत बारीक काळे मनुके, लोणी, गडद ब्राउन साखर, जायफळ आणि ऑलस्पाइस. चावल्यावर आधी आवरण चुरचुरतं आणि मग मनुक्यांचा आंबटगोडपणा येतो. हा पदार्थ 1793 पासून एकल्समध्ये विकला जात असल्याची नोंद आहे. लंडनमध्ये त्याला पुन्हा मान मिळवून दिला तो सेंट जॉन या रेस्टॉरंटने. स्मिथफील्डच्या मटण-बाजाराशेजारी 1994 साली सुरू झालेलं हे ठिकाण एकल्स केकबरोबर लँकशायर चीजचा मोठा तुकडा देतं. ही जोडी मूळ लँकशायरचीच आहे, नवी टूम नव्हे. गोड सारणाला खारट, आंबूस, भुसभुशीत चीज तोलून धरतं. चेडार वापरलं तर ते सारणावर मात करतं.

रेस्टॉरंटात बसायचं नसेल तर कॉव्हेंट गार्डनजवळ नील्स यार्डमध्ये सेंट जॉनची बेकरी आहे. तिथून एकल्स केक घ्या, आणि काही पावलांवरच्या शॉर्ट्स गार्डन्स रस्त्यावरच्या नील्स यार्ड डेअरीतून कर्कमचं लँकशायर चीज 100 ग्रॅम कापून घ्या. कापण्याआधी चव घ्यायला देतात, संकोच करू नका. बाहेर बाकावर बसून खा. केक गारच मिळेल. मुक्कामी ओव्हन असेल तर 170-180 अंशांवर आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर पापुद्रे चामड्यासारखे होतात आणि आतली साखर तोंड भाजेल इतकी तापते. याच बेकरीच्या डोनटसाठी लोक रांगा लावतात, पण ते तळलेले, आणि लंडनचा डोनट हा वेगळा विषय आहे.

मेड्स ऑफ ऑनर खायला शहराच्या पश्चिम टोकाला जावं लागतं आणि तो प्रवास वाया जात नाही. क्यू गार्डन्ससमोर, 288 क्यू रोडवर न्यूवेन्स कुटुंबाच्या नावाने ओळखलं जाणारं 'द ओरिजिनल मेड्स ऑफ ऑनर' आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने जुनी इमारत गेली, आत्ताची नंतरची. आठव्या हेन्रीने राणीच्या दासींना हा टार्ट खाताना पाहिलं वगैरे कथा तिथे ऐकायला मिळेल. ती ऐकावी आणि टार्टकडे लक्ष द्यावं. पफ पेस्ट्रीची छोटी वाटी, आत फाटलेल्या दुधाचं हलकं गोड सारण, वर तपकिरी डाग. पाककृती घरातल्या घरात ठेवलेली आहे. ओलं सारण आणि कोरडी पेस्ट्री यांचं फार वेळ जमत नाही: काही तासांत तळ ओला होतो. म्हणून हा टार्ट डब्यात भरून नेण्याचा नाही, तिथेच बसून, कोमट असताना खाण्याचा. एकाने समाधान होत नाही, माणशी दोन सांगा. क्यू गार्डन्स स्टेशनावरून चालत दहा-पंधरा मिनिटं, किंवा रिचमंडहून 65 नंबरची बस. बाग बघून दुपारी तीनला सगळेच तिकडे वळतात, म्हणून आधी टार्ट आणि मग बाग असा क्रम ठेवा.

चेल्सी बनची गंमत अशी की चेल्सीतलं मूळ बन हाउस 1839 मध्येच पाडलं गेलं. हा बन म्हणजे यीस्टच्या गोड कणकेची गुंडाळी, आत मनुके, लोणी, ब्राउन साखर, वर पाक. तो ट्रेमध्ये एकमेकांना खेटून भाजतात. त्यामुळे बाजू कडक न होता मऊ राहतात आणि बन चौकोनी होतो. सुटा, गोल, चारी बाजूंनी तपकिरी दिसणारा बन चेल्सी म्हणून विकत असतील तर तो दालचिनी रोलचा भाऊ समजा. सर्वात नावाजलेला चेल्सी बन लंडनमध्ये मिळतच नाही, तो केंब्रिजच्या फिट्झबिलीजमध्ये, 1920 पासून. किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने तासाच्या आत पोहोचता, आणि केंब्रिज बघायला जाणारच असाल तर ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरचं दुकान चुकवू नका. पाक इतका असतो की काटा लागतो. लंडनमध्येच राहायचं तर क्राउच एंडचं डन्स बघा, 1820 पासूनचा वारसा सांगणारी घरगुती बेकरी. अशा मोहल्ल्याच्या बेकऱ्या झपाट्याने कमी होताहेत. पूर्व लंडनची पर्सी इंगल ही साखळी 2020 मध्ये बंद झाली आणि तिच्याबरोबर टॉटनहॅम केकचं एक हक्काचं ठिकाण गेलं. हा केक म्हणजे साध्या स्पंजचा चौकोन, वर गुलाबी आयसिंग. मूळचा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा, तो रंग त्यांच्याच दफनभूमीतल्या तुतीचा असे, आणि 1901 साली टॉटनहॅम हॉट्स्पर या फुटबॉल संघाने एफए कप जिंकला तेव्हा मुलांना फुकट वाटला होता. चवीपेक्षा इतिहासासाठी खायचा पदार्थ आहे, दिसला तर घ्या, शोधत फिरू नका.

हॅरो, पिनर, रायस्लिप या वायव्येच्या भागात नातेवाइकांकडे उतरला असाल, आणि बरेच मराठी पाहुणे तिकडेच उतरतात, तर वेन्झेल्स या बेकरी-साखळीची शाखा जवळपास असेल. आइस्ड फिंगर (वर आयसिंग लावलेला लांबट बन), चेल्सी बन, गाजराचा केक असला रोजचा इंग्रजी माल तिथे स्वस्तात मिळतो. उत्कृष्ट नाही, पण इंग्रज कुटुंब शनिवारी सकाळी जे खातं तेच. ग्रेग्ज ही त्याच जातीची देशभर पसरलेली साखळी, मूळची न्यूकॅसलची.

व्हिक्टोरिया स्पंज कुठल्याही कॅफेत दिसेल. अंडी, लोणी, साखर, मैदा चौघं समान वजनाचे, दोन थरांमध्ये रास्पबेरी जॅम. जुन्या रीतीत वर फक्त साखर भुरभुरतात. बटरक्रीमचे डोंगर हे अलीकडचे. इथे एकच कसोटी: केक काचेच्या झाकणाखाली, साध्या तापमानाला ठेवलेला हवा. फ्रिजमधला घेऊ नका. फ्रिजमध्ये लोणी गोठतं आणि मैद्यातला स्टार्चही लवकर घट्ट होतो, मग ताजा केकही कालचा वाटतो. केक शिळा झाला की कडक होतो, बिस्कीट शिळं झालं की मऊ पडतं, हा मुद्दा तर 1991 मध्ये कर-न्यायाधिकरणापुढेही विचारात घेतला गेला होता. जाफा केक हा चॉकलेट लावलेला छोटा पदार्थ बिस्कीट की केक, असा वाद होता. केक ठरला आणि व्हॅट वाचला. व्हॅटचा तुमच्याशीही संबंध आहे: गार केक बांधून नेला तर कर शून्य, तिथेच बसून खाल्ला तर 20 टक्के. त्यामुळे काउंटरवर दोन भाव दिसले तर गोंधळू नका.

खारे पदार्थ थोडक्यात, कारण त्यातले बहुतेक मांसाहारी. कॉर्निश पेस्टी या नावाला 2011 पासून कायद्याचं संरक्षण आहे: कॉर्नवॉलमध्ये बनवलेली, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, कडेला मुरड घातलेली, किमान साडेबारा टक्के गोमांस आणि 25 टक्के भाज्या. मुरड वरच्या बाजूला असेल तर ती कॉर्निश नव्हे. चीज-कांद्याची पेस्टी रेल्वे स्टेशनांवर मिळते. गर्दीच्या वेळी घ्या, नाहीतर गरम कपाटात तासभर पडून तळ मऊ झालेला असतो. मेल्टन मोब्रे गावची पोर्क पाय (इंग्रजी pie: पेस्ट्रीच्या बंद आवरणात भरलेलं डुकराचं मांस) बरो मार्केटमध्ये मिळेल. ती गारच खातात, आतलं मांस राखाडी असतं आणि तसंच असायला हवं, गुलाबी असेल तर मांस खारवलेलं आहे. बरो मार्केट सोमवारी बंद असतं. टॉवर ब्रिज रोडवरचं मँझेचं पाय-अँड-मॅशचं (पाय आणि कुस्करलेला बटाटा) दुकान बघण्यासारखं आहे, पण तिथली नेहमीची पाय गोमांसाच्या खिम्याची.

आता शाकाहाराचं. ब्रिटनमध्ये 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडं चालणारा, हे आधी पक्कं करा. अंडं नको असलेल्याने 'व्हेगन' खूण शोधली तर काम होतं, पण मग लोण्याचे पदार्थही हातचे जातात. त्यापेक्षा ॲलर्जीची यादी मागा. कायद्याने ठरवलेल्या 14 घटकांमध्ये अंडं आहे, त्यामुळे त्याची माहिती दुकानाला द्यावीच लागते. पण लक्षात ठेवा, डुकराची चरबी म्हणजे लार्ड, बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी म्हणजे सुएट, आणि जिलेटिन, हे तिन्ही त्या 14 मध्ये नाहीत. ॲलर्जीची यादी स्वच्छ दिसली म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बनवून आधी बांधून ठेवलेल्या मालावर घटकांची पूर्ण यादी लागते; उघड्या काउंटरवरच्या मालाला ती सक्ती नाही. म्हणून शंका असेल तर बांधलेलं पाकीट घ्या आणि वाचा, किंवा काउंटरवर 'लार्ड, सुएट आहे का' असं नाव घेऊन विचारा. 'इज इट व्हेज' असं विचारलंत तर घाईत होकार मिळून जातो.

लार्डी केक तर नावापासूनच बाद. एकल्स केकच्या जुन्या कृतींमध्ये लार्ड असे, आता चांगल्या ठिकाणी लोणी असतं. वर साखर चिकटवायला अंड्याचा पांढरा भाग लावतात, म्हणजे अंडं न खाणाऱ्यासाठी तोही नाही. लँकशायरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) असू शकतं, विचारून घ्या. स्कोनच्या पिठात अंडं नसलं तरी वर चकाकीसाठी फासलेलं असतं. बिनधास्त खाण्यासारखं उरतं ते शॉर्टब्रेड, फ्लॅपजॅक आणि क्रंपेट. फ्लॅपजॅक म्हणजे ओट्स, लोणी, साखर आणि गोल्डन सिरप यांची चिवट वडी. त्यातलं सिरप लंडनमध्येच, प्लेस्टो व्हार्फच्या कारखान्यात तयार होतं. क्रंपेट सुपरमार्केटमधून आणा, बेकरीत शोधू नका. मैदा, पाणी, यीस्ट एवढंच असतं, तरी पाकिटावर नजर टाका. टोस्टरमधून दोनदा काढा, तळ कडक आणि वरची भोकं कोरडी झाली पाहिजेत, मग लोणी इतकं लावा की ते भोकांतून खाली उतरेल. कमी भाजलेला क्रंपेट रबरासारखा लागतो आणि लोक क्रंपेटला नावं ठेवतात.

हंगामही बघा. मिन्स पाय नोव्हेंबर-डिसेंबरची. नावात मांस असलं तरी आत सुका मेवा, मसाले आणि बहुधा ब्रँडी, शिवाय सुएट वनस्पतीजन्य आहे ना ते वाचायचं. हॉट क्रॉस बन ईस्टरच्या आधी काही आठवडे सगळीकडे. कापून, भाजून, लोणी लावूनच खायचे, नुसते खाल्ले तर काही विशेष वाटत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने या दोन्हींचा नाद सोडावा.

घरी आणायला शॉर्टब्रेड सर्वात सोयीचं. मैदा, लोणी, साखर 3:2:1 या प्रमाणात, अंडं नाही. पाकिटावर फक्त लोणी आहे ना, पामतेल नाही ना, ते बघा. वॉकर्सचं लाल चौकडीचं पाकीट ही कसोटी पास होतं आणि विमानतळापेक्षा सुपरमार्केटमध्ये बरंच स्वस्त पडतं. क्लॉटेड क्रीम आणि जॅम हातातल्या बॅगेत किती चालतं ते विमानतळानुसार बदलतं, आधी बघून घ्या. आणि पुण्याच्या कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी आवडते म्हणून 'मूळची' श्रूजबेरी लंडनमध्ये शोधायचा विचार असेल तर सोडा. श्रूजबेरी हे वेल्सच्या सीमेजवळचं गाव, तिथलं जुनं बिस्कीट लिंबाची साल किंवा शहाजिऱ्याच्या स्वादाचं, पातळ आणि कुरकुरीत. लंडनच्या दुकानांत ते क्वचितच दिसतं, आणि दिसलं तरी कयानीच्या जाड, तोंडात विरघळणाऱ्या बिस्किटाशी त्याचं साम्य नावापुरतंच आहे.